वाचकाची साक्ष

कादंबरी वाचून सामान्य वाचक जे बोलतो, ते त्याच्याबद्दल काही सांगतं, कादंबरीबद्दल काहीच सांगत नाही, असं मत मराठीत आता जवळजवळ सिद्धांत म्हणून चालतं. चर्चासत्रात एखादा श्रोता उठून म्हणाला, की अमुक पुस्तक वाचताना मला रडू आलं, तर व्यासपीठावरून सौम्य हसून पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं जातं. पदव्युत्तर वर्गात ‘मला वाटतं’ने सुरू होणारं वाक्य खोडायला शिकवतात. प्रतिक्रिया वेगळी आणि समीक्षा वेगळी, पहिली हौस आणि दुसरी शास्त्र, ही विभागणी इतकी पक्की झाली आहे की ती तपासून घ्यावी असं कुणाला वाटत नाही.

याच मताचं एक उदार दिसणारं रूपही आहे: ज्याची त्याची आवड. तुला ‘मृत्युंजय’ आवडली, मला नाही आवडली, विषय संपला. वरवर पाहता पहिलं मत वाचकाला खाली बसवतं आणि दुसरं त्याला मोकळीक देतं. पण दोघांचा पाया एकच आहे. प्रतिक्रिया ही वाचकाच्या मनातली घडामोड, तिचा पुस्तकाशी संबंध योगायोगाचा, हे दोघांनाही मान्य आहे. एकाने ती कचऱ्यात टाकली, दुसऱ्याने कौतुकाने कपाटात ठेवली. तिच्याकडून काही शिकायचं नाही यावर मात्र एकमत.

माझं म्हणणं असं की प्रामाणिक प्रतिक्रिया ही पुस्तकाबद्दलची साक्ष असते. साक्ष म्हणजे निकाल नव्हे. ती तपासावी लागते, उलटतपासणीत ती टिकते किंवा पडते. पण साक्षीदारांना दारातच अडवून निकाल देणारं न्यायालय कुणी मानणार नाही. हे म्हणणं मी बीड जिल्ह्यातल्या वाचकांकडे बोट दाखवून मांडणार आहे, कारण त्यांच्या प्रतिक्रिया मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे आणि त्यांच्याकडून कादंबरीबद्दल शिकलो आहे.

आधी पूर्वपक्ष, आणि तोही त्याच्या पूर्ण ताकदीनिशी. आपल्याकडे तो फार जुना आहे. अभिनवगुप्ताने रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली. त्यांतलं एक म्हणजे प्रेक्षकाचं स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणं. स्वतःच्या घरचं मरण आठवून रडणारा प्रेक्षक नाटकातल्या करुणाचा आस्वाद घेत नसतो, तो आपल्याच दुःखात बुडालेला असतो. पश्चिमेत आय. ए. रिचर्ड्सने केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवींची नावं काढून टाकलेल्या कविता दिल्या, त्यांची लेखी मतं गोळा केली आणि 1929 साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’मध्ये वाचनातल्या दहा अडचणी मांडल्या. खाजगी आठवणींचा अप्रस्तुत शिरकाव ही त्यांतली एक, ठरीव साच्यातला प्रतिसाद ही दुसरी. विम्सॅट आणि बीअर्ड्स्ली यांनी 1949 साली तर स्पष्टच बजावलं, की कृती आणि कृतीचा परिणाम यांची गल्लत हा तर्कदोष आहे. मराठीत मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये सौंदर्यविधान व्यवहारातल्या भावनांवर टेकवायला नकार दिला. ही सगळी मोठी माणसं आहेत. त्यांनी दाखवलेला धोका खरा आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही.

पण हे पुरावे नीट वाचले, तर त्यांतून सामान्य वाचकाविषयीची तुच्छता निघत नाही. अभिनवगुप्ताने विघ्न म्हटलं ते विवश होण्याला. स्वतःची सुखदुःखं असणं हे विघ्न नाही, उलट ती पूर्वअट आहे. पूर्वानुभवाचे संस्कार, ज्यांना तो वासना म्हणतो, ते नसतील तर रस निर्माणच होत नाही. असे संस्कार नसलेले प्रेक्षक नाट्यगृहातल्या लाकडासारखे, भिंतीसारखे, दगडासारखे असतात, असं मत विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’त नोंदवलेलं आहे. आणि सहृदय कोण? काव्याच्या सततच्या सहवासाने ज्याचं मन आरशासारखं स्वच्छ झालं तो. यात पदवी कुठेच नाही, पद नाही, शहर नाही. सहवास आहे. तालुक्याच्या ‘ब’ वर्ग वाचनालयात निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी येऊन बसणारा माणूस या व्याख्येत बसतो. नेमलेलं पुस्तकच तेवढं वाचणारा अभ्यासक बसेलच असं नाही.

रिचर्ड्सचा पुरावा तर उलट बाजूने बोलतो. त्याच्या प्रयोगात चुकलेली माणसं एसटीत कादंबरी चाळणारी नव्हती. ती इंग्लंडच्या एका श्रेष्ठ विद्यापीठातली, बरीचशी वाङ्मयाचाच अभ्यास करणारी मुलं होती. साचेबंद प्रतिसाद त्यांनीही दिले, आणि कवीचं नाव काढून घेतल्यावर त्यांचा आधार गेला. म्हणजे प्रशिक्षणाने साचा जातोच असं नाही, कधी फक्त बदलतो. ‘गावाकडचं खरंखुरं चित्रण’ हा जसा साचा, तसा ‘व्यवस्थेच्या विरोधातला विद्रोही स्वर’ हाही साचाच. दुसरा जास्त शिकलेला आहे, इतकाच फरक.

आता तत्त्व सोडून पुस्तकांकडे येतो.

बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईला 1983 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष व्यंकटेश माडगूळकर होते. त्यांची ‘बनगरवाडी’ तोपर्यंत जवळजवळ तीन दशकं वाचली जात होती आणि या भागात ती आजही वाचनालयातून सतत बाहेर असते. माणदेशातल्या धनगरवाडीत आलेला तरुण मास्तर, कारभारी, तालमीची इमारत, औंधच्या राजांची भेट, आणि शेवटी दुष्काळ. मेंढरं मरतात, माणसं वाडी सोडून जातात, मास्तरची बदली होते. मराठी समीक्षेने या कादंबरीच्या संयमाचं, चित्रमय शैलीचं भरपूर कौतुक केलं आणि ते रास्त आहे. पण एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेल्या, पाटोद्याकडच्या एका वाचकाने पुस्तक परत करताना जे म्हटलं ते मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही. ते म्हणाले, ‘‘मास्तर गेला बदली होऊन, ते सांगितलं. लोक कुठं गेले ते सांगितलंच नाही की.’’

हे ऐकून समीक्षक म्हणेल: बीडच्या माणसाला असं वाटणारच. इथून दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या फडावर जातात. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ धरतात, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत परतीचं काही खरं नसतं. वाहकाने हंगाम सुरू होताना भरून जाणाऱ्या गाड्या पाहिल्यात, म्हाताऱ्यांच्या जिवावर सोडलेली घरं पाहिलीत. म्हणून त्याला हा प्रश्न पडला. ही त्याची खाजगी आठवण, कादंबरीचा दोष नव्हे.

आठवण त्याची, हे कबूल. पण प्रश्न कादंबरीचा आहे. ‘बनगरवाडी’ प्रथमपुरुषी आहे. निवेदक पगारी नोकर आहे, बाहेरून आलेला आहे, आणि त्याची नजर वाडीच्या शिवेपर्यंतच पोचते. वाडी रिकामी होते तेव्हा तो रिकाम्या वाडीजवळ उरतो. जाणाऱ्यांबरोबर तो जाऊ शकत नाही, कारण त्याचं पोट पावसावर नाही, पगारावर आहे. कादंबरीचा सगळा संयम, तिचं सगळं शांत दुःख या अंतरातून आलेलं आहे. निवेदक धनगर असता तर दुष्काळाचं प्रकरण शेवटचं झालं नसतं, तिथून नवं पुस्तक सुरू झालं असतं. वाहकाच्या एका वाक्याने ‘बनगरवाडी’चा दृष्टिकोन, तिच्या शेवटाचं कारण आणि तिची मर्यादा, तिन्ही उघडी पडतात. दुष्काळात कुठेही न गेलेल्या वाचकाला हा शेवट पूर्ण वाटतो, कारण त्याच्या अनुभवात वाडी सोडून जाणं हा गोष्टीचा शेवट असतो. म्हणजे इथे कमी दिसलं ते अलिप्त वाचकाला. वाहकाच्या स्वतःच्या अनुभवाने त्याच्या डोळ्यांवर पडदा टाकला नाही, त्याला पुस्तकातली नेमकी फट दाखवली.

माझ्या मते हीच कसोटी आहे. आठवण वाचकाला पुस्तकातून बाहेर घेऊन जाते, की पुस्तकातल्या एखाद्या जागेवर परत आणून सोडते? बाहेर नेत असेल तर रिचर्ड्स बरोबर. असंही होतं, आणि ते मी पाहिलं आहे. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’वर बोलायला बसलेली माणसं पीककर्जावर, बियाण्यांच्या भावावर, बाजार समितीवर रात्र काढतात आणि कादंबरीचा नायक एकनाथ तनपुरे बिचारा बाजूला राहतो. ते बोलणं महत्त्वाचं असतं, पण ते कादंबरीबद्दल नसतं. मात्र त्याच पुस्तकावर एकनाथच्या बायकोविषयी, अलकाविषयी, वाद सुरू झाला की बैठक पुस्तकात परत येते. एम.ए., बी.एड. झालेल्या नवऱ्याला नोकरी मिळेल या भरवशावर शहरातली मुलगी शेतकऱ्याच्या घरात दिली जाते, नोकरी मिळत नाही आणि ती निघून जाते. पुरुष वाचक बहुधा तिला दोष देतात. बाया म्हणतात, तिला फसवून आणलं होतं, ती बसून राहिली असती तर कुणी तिच्यावर कादंबरी लिहिली असती का?

इथे ‘ज्याची त्याची आवड’वाले पुढे येतात: बघा, एकच पात्र आणि दोन उलट प्रतिक्रिया, म्हणजे प्रतिक्रियेत तथ्य काही नाही. पण दोन साक्षीदारांचं जुळत नाही म्हणून घटना घडलीच नाही असं आपण म्हणत नाही. आपण विचारतो, ते दोघे कुठे उभे होते आणि तिथून काय दिसत होतं. अलकावरचं मत दुभंगतं, कारण कादंबरीची सहानुभूती एकनाथच्या पाठीशी उभी आहे. त्या जागेवरून अलकाचं जाणं आणखी एक आघात म्हणून दिसतं, तिचा निर्णय म्हणून कमी दिसतं. बायांच्या रागाने कादंबरीचा हा कल दाखवून दिला. कल असणं हा दोष आहे असं मी म्हणत नाही. मोठ्या कादंबऱ्यांनाही कल असतो. तो आहे हे कळणं हे मात्र समीक्षेचं काम आहे, आणि इथे ते काम समीक्षकाच्या आधी वाचक बायांनी केलं.

कंटाळ्याचंही असंच आहे. ‘कोसला’ (1963) कंटाळवाणी आहे, हे वाक्य सामान्य वाचकाच्या अज्ञानाचा नमुना म्हणून सांगितलं जातं. एका वाचनालयातली तिची जुनी प्रत माझ्या हातात आली होती. रेक्झीनची बांधणी, मागच्या कागदावर तारखांचे शिक्के एकमेकांवर बसलेले, आणि समासात कुणा अनोळखी वाचकाच्या पेन्सिलच्या नोंदी. वसतिगृहाच्या, खानावळीच्या, मंडळांच्या पानांवर ‘बोअर’, पुढे पुन्हा ‘बोअर’, एका ठिकाणी ‘हे कशाला?’. मग धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणाची पानं येतात. तिथे समास कोरा आहे. त्यानंतरही बऱ्याच पानांवर काही नाही. पुढे निवेदक पांडुरंग पुन्हा पहिल्यासारखा बोलू लागतो, तेव्हा एक बारीक नोंद येते: ‘आता कळलं’.

हा वाचक कोण होता ते मला माहीत नाही. त्याने ‘कोसला’वरचं एकही पान वाचलेलं नसावं. पण या कादंबरीची रचना काय करते ते त्याच्या पेन्सिलीने जागच्या जागी नोंदवून ठेवलं. निरर्थकतेचा कंटाळा आधी वाचकाच्या अंगात भिनवायचा, मग एका मरणाने तो तोडायचा, आणि नंतर तीच भाषा पुन्हा सुरू करून ती आता वेगळी ऐकायला लावायची. पहिला ‘बोअर’ नसता तर शेवटचा ‘आता कळलं’ आला नसता. कंटाळा ही या पुस्तकाबद्दलची खरी माहिती आहे. तो लपवून पहिल्या पानापासून ‘अस्तित्ववादी जाणीव’ शोधत जाणाऱ्या विद्यार्थ्याने ती माहिती गमावलेली असते. परिणाम आणि कृती यांची गल्लत करू नये, हे विम्सॅट-बीअर्ड्स्लींचं म्हणणं बरोबर. पण कुठल्या पानावर कुठला परिणाम झाला, याचा माग काढत कृतीपर्यंत जाता येतं, आणि कादंबरी वाचायला वेळ लागतो म्हणून तिच्या बाबतीत हा माग फार मोलाचा असतो.

बोलीच्या बाबतीत तर सामान्य वाचकाचा कान हाच अधिकारी आहे. रा. रं. बोराड्यांची ‘पाचोळा’ (1971) शिंप्याच्या बायकोच्या तोंडून, मराठवाड्याच्या बोलीत सांगितलेली आहे. तिच्यातलं बोलणं कुठे जिवंत आहे आणि कुठे लेखकाने रचलेलं आहे, हे पुण्या-मुंबईचा विद्वान कुठल्या आधारावर ठरवणार? केज-धारूरकडच्या बाया ‘पाचोळा’ मोठ्याने वाचतात, आणि वाचता वाचता त्यांचा स्वर जिथे आपोआप बोलण्याचा होतो, तिथे ती बोली खरी उतरलेली असते. ‘ही आमच्या मावशीवाणी बोलती’ ही प्रतिक्रिया म्हणजे शैलीबद्दल दिलेला पुरावा आहे.

या भागातल्या वाचनाला जो इतिहास आहे, त्याचाही इथे विचार व्हायला हवा. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होतं, सरकारी व्यवहार आणि शिक्षण उर्दूत होतं. तेव्हा मोमिनाबाद म्हणवल्या जाणाऱ्या अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थांनी योगेश्वरी विद्यालयात काम केलं. मराठी शाळा आणि वाचनालयं लोकांनी स्वतःच्या हिमतीवर चालवली. मराठी पुस्तक हातात घेणं हीच तिथे एक भूमिका होती. या परंपरेतून आलेल्या वाचकाला ‘तुला वाटतं त्याला किंमत नाही’ असं सांगणं हे वाङ्मयीन शिस्तीच्या नावाखाली केलेलं अन्याय्य वर्तन आहे, असं मी ठामपणे म्हणतो.

मात्र याच्या पुढे एक धोका आहे, आणि तो वाचकाच्या हितचिंतकांकडून येतो. बीडच्या माणसाला दुष्काळ कळतो, स्थलांतर कळतं, म्हणून त्याची साक्ष त्या विषयांवर घ्यावी, असं ते म्हणतात. ऐकायला हे सन्मानाचं वाटतं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा होतो की त्याने स्वतःच्या दुःखावरच बोलावं, बाकीचं साहित्य इतरांनी बघून घ्यावं.

आईबाप कोयत्यावर जाणारी, स्वतः नातेवाइकांकडे राहून बीडला शिकलेली एक मुलगी मला माहीत आहे. तिच्याशी बोलायला येणारे तिला फडाबद्दल विचारतात, पाचटाच्या खोपीबद्दल विचारतात, उसाच्या फडातल्या बायांच्या आजारपणाबद्दल विचारतात. तिला त्या दिवसांत बोलायचं होतं ते ‘मृत्युंजय’वर. सुट्टीत तिने ती वाचली होती, कर्णासाठी ती रडली होती, आणि मग तिला राग आला होता. तिचा प्रश्न होता, ‘‘सगळ्यांना बोलायला दिलंय, मग द्रौपदीला का नाही?’’

शिवाजी सावंतांच्या या कादंबरीत (1967) कर्ण बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन, शोण, वृषाली आणि श्रीकृष्ण बोलतात. द्रौपदी बोलत नाही. भर सभेत जिचा अपमान झाला, तिचा अपमान आपल्याला कळतो तो दुसऱ्यांच्या तोंडून. कर्णाला न्याय मिळवून द्यायचा या निर्धाराने उभारलेल्या रचनेत तिच्यासाठी जागा ठेवली असती तर तो न्याय इतका सोपा राहिला नसता. सहा जणांच्या निवेदनाचं तंत्र म्हणून ज्याचं वर्णन केलं जातं, त्या तंत्राचा नैतिक परिणाम या मुलीच्या रागात नेमका पकडलेला आहे. तिचं रडणंही खोटं नव्हतं. कर्णाच्या स्वगताची ताकद त्या रडण्याने सिद्ध होते, आणि त्या ताकदीची किंमत कुणी मोजली ते तिच्या रागाने सिद्ध होतं.

तिला मी खांडेकरांची ‘ययाती’ (1959) वाचायला दिली, कारण तिथे ययातीबरोबर देवयानीला आणि शर्मिष्ठेलाही स्वतःचं निवेदन आहे. पुस्तक परत करताना ती म्हणाली, की देवयानी स्वतः बोलते म्हणून तिचा राग समजला, पण लेखकाचा जीव शर्मिष्ठेवरच जास्त आहे. यावर आमचा वाद झाला. देवयानीच्या तोंडी घातलेल्या वाक्यांत लेखक तिला मोकळं सोडतो की तिच्याकडूनच तिच्या अहंकाराची कबुली काढून घेतो, हे पाहायला आम्ही दोघांनी तिची प्रकरणं पुन्हा काढली. तिने खुणा केलेल्या जागा माझ्या खुणांपेक्षा वेगळ्या होत्या, आणि त्यांतल्या काहींनी मला माझं मत बदलायला लावलं.